‘हक मिलिक’ कोणाला मिळतो? बांदा बेटावरील लोन्थोर गावाचा अभ्यास

इंडोनेशियातील जमिनीच्या कागदावर जे शब्द छापलेले असतात, ते आपल्या व्यापारी बांधवांना परके वाटत नाहीत. हक, मिलिक, वकाफ, वारिस, वकील, इझिन, शरात. हे सगळे अरबीतून तिकडे गेले, तसेच ते उर्दूमार्गे आपल्या घरातही आले. रत्नागिरीच्या किंवा मालेगावच्या माणसाने असा कागद हातात घेतला तर त्याला तो बराचसा कळल्यासारखा वाटतो. ‘कळल्यासारखा’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. ‘हक मिलिक’ वाचून मनुष्य समजतो की मिल्कियतीचा हक्क मिळाला. शब्दाचा अर्थ तोच आहे, यात शंका नाही. पण तो हक्क आपल्याला मिळू शकतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि आजचा लेख त्याच प्रश्नासाठी आहे.

इंडोनेशियाच्या दूरच्या बेटांवर स्वस्त जमीन, समुद्रकाठी घर, पर्यटकांचे भाडे अशा गोष्टी सध्या पुष्कळ ऐकू येतात. त्यात ‘मुस्लिम वस्ती, मशीद शेजारी, हलाल अन्नाची काळजी नाही’ असेही जोडले जाते. या तिन्ही गोष्टी पुष्कळदा खऱ्या असतात. म्हणूनच आम्ही एक खरे गाव निवडून त्याचा सर्व बाजूंनी विचार करायचे ठरविले. ते गाव म्हणजे बांदा बेटांमधील लोन्थोर. मसाल्याच्या धंद्यातील बांधवांना बांदा हे नाव माहीत असेल. जायफळ आणि जायपत्री यांची मूळ भूमी ती हीच.

प्रथम ठिकाण समजून घेऊ. इंडोनेशियाच्या पूर्वेकडील मलुकू प्रांताचे मुख्य शहर अंबोन. त्याच्या आग्नेयेस सुमारे 200 किलोमीटर समुद्र ओलांडला की बांदाची लहान लहान बेटे लागतात. मधोमध ‘गुनुंग आपी’ म्हणजे अग्नीचा डोंगर, त्याच्यासमोर नेइरा, आणि दक्षिणेला चंद्रकोरीसारखे वळलेले बांदा बेसार म्हणजे मोठे बांदा. धावपट्टी, बाजार, बंदर, दवाखाना हे सर्व नेइराला. लोन्थोर हे मोठ्या बांदावर, उतारावर वसलेले. नेइराच्या धक्क्यावरून लहान मोटारबोटीने पाव तासाच्या आत तेथे जाता येते. बोटीतून उतरले की पायऱ्या सुरू होतात. वर टेकडीवर डचांच्या हॉलंडिया किल्ल्याचे भग्न बुरूज आहेत आणि मागे जायफळाच्या बागा. जायफळाच्या झाडाला सावली लागते, म्हणून त्यावर कनारी नावाचे उंच वृक्ष राखलेले आहेत. या कनारीची बीही बदामासारखी खातात. एकंदर देखावा कोकणातल्या नारळ-सुपारीच्या वाडीची आठवण करून देणारा, फक्त झाडे दुप्पट उंच.

प्रवास मात्र सोपा नाही. भारतातून जाकार्ता, तेथून अंबोन, येथवर मोठी विमाने आहेत. पुढे तीन मार्ग. ठरलेल्या दिवशी जाणारे लहान विमान, जे हवामान बिघडले की रद्द होते. अंबोन बेटावरील तुलेहू बंदरातून सुटणारी वेगवान बोट, जिला सहा तासांच्या आसपास लागतात. आणि सरकारी ‘पेल्नी’ कंपनीचे मोठे जहाज, जे संथ आहे पण समुद्रात अधिक भरवशाचे. जून ते ऑगस्ट आग्नेयेकडून वारा जोरात असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीतही समुद्र खवळलेला असतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा काळ बरा. आपल्या कोकणात पावसाळ्यात मचवे ओढून किनाऱ्यावर घेतात. तिकडे तसा काळ वर्षातून दोन वेळा येतो असे समजावे. ज्याला आठ दिवसांत परतायचेच आहे त्याने बांदाचा बेत करू नये. हातात तीन-चार दिवस जादा नसतील तर परतीचे विमान चुकणारच.

भारतीय पासपोर्टधारकाला तेथे पोचल्यावर 30 दिवसांचा व्हिसा मिळतो. शुल्क पाच लाख रुपिया. आकडा मोठा वाटतो, पण आपले तीन हजारांच्या आतच होतात. तो एकदा आणखी 30 दिवस वाढविता येतो. या व्हिसावर हिंडावे, माल पाहावा, व्यापाराची बोलणी करावीत. मजुरी किंवा नोकरी करता येत नाही. सुतार, गवंडी, रंगारी अशा कारागीर बांधवांना कोणी ‘तिकडे बंगल्याचे काम आहे, टुरिस्ट व्हिसावर या’ असे सांगत असेल तर तो त्यांना अटकेच्या आणि हद्दपारीच्या वाटेवर नेत आहे. कामासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो मालकाने काढायचा असतो.

आता इतिहास. काही वाचक म्हणतील, व्यापाराच्या पानावर इतिहास कशाला? पण या गावात जमीन हा शब्द उच्चारला की चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट निघते. ती माहीत नसलेल्या माणसाने तेथे सौदा करू नये, असे आमचे मत आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाचे सर्व जायफळ या मूठभर बेटांवरून येत असे. येथील लोक मुसलमान होते, त्यांचे पुढारी ‘ओरांग काया’ म्हणजे मातब्बर माणसे. जावा, मलाक्का, गुजरात, अरबस्तान येथपर्यंत हा माल हातोहात जाई आणि बदल्यात तांदूळ आणि कापड येई. हिंदुस्थानातले कापड हे त्यातले मुख्य चलन. डच कंपनी आली ती मात्र एकाधिकार मागत. सर्व माल आम्हालाच विका, आम्ही ठरवू त्या भावाने. गावकऱ्यांनी कागदावर सह्या केल्या खऱ्या, पण त्या कागदात काय आहे हे त्यांना कितपत समजले होते, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. ते जुन्या गिऱ्हाइकांनाही माल देत राहिले. कंपनीने त्याला करारभंग ठरविले.

मार्च 1621 मध्ये गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून मोठे आरमार घेऊन आला आणि त्याने लोन्थोर घेतले. जवळच्या सेलामोन गावातील मशीद डच अधिकाऱ्यांनी सैनिकांच्या मुक्कामासाठी ताब्यात घेतली. गावकऱ्यांनी विनंती केली, ती ऐकली नाही. तेथे एका रात्री एक दिवा पडला, एवढ्यावरून उठावाचा संशय घेतला गेला. 8 मे 1621 रोजी नेइराच्या किल्ल्याजवळ 44 ओरांग कायांना जपानी भाडोत्री शिपायांच्या तलवारीने मारण्यात आले. लोकसंख्या अंदाजे 15 हजार होती, त्यातले हजारभर बेटांवर उरले असे मानले जाते. बाकीचे मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम म्हणून नेले गेले किंवा पळाले. पळालेल्यांची गावे केई बेटांवर आजही आहेत, बांदा एली आणि बांदा एलात. बांदाची मूळ भाषा आता तेथेच बोलली जाते, बांदात नाही.

रिकाम्या झालेल्या जमिनीचे कंपनीने 68 तुकडे केले. त्यांना ‘पर्क’ म्हणत आणि धारकाला ‘पर्केनियर’. त्यावर राबायला ठिकठिकाणचे गुलाम आणले, त्यात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचेही होते. आजचे लोन्थोरकर हे अशा सर्व आणलेल्या आणि उरलेल्या लोकांचे वंशज आहेत. पुढे नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांनी बांदा काही वर्षे ताब्यात ठेवले आणि जायफळाची रोपे पेनांग, सिलोन वगैरे ठिकाणी नेली. ग्रेनाडात जायफळ वाढले ते एकोणिसाव्या शतकात. मक्तेदारी संपली आणि बांदा जगाच्या नजरेआड गेले, इतके की डच सरकारने मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर या स्वातंत्र्याच्या पुढाऱ्यांना 1936 मध्ये येथे हद्दपार करून ठेवले. हेच हत्ता पुढे देशाचे पहिले उपाध्यक्ष झाले आणि इंडोनेशियात त्यांना सहकाराचे जनक म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर या बागा सरकारच्या ताब्यात गेल्या. हा मुद्दा जमीन घेऊ पाहणाऱ्याने अधोरेखित करून ठेवावा. एखादे कुटुंब तीन पिढ्या एखाद्या बागेतले जायफळ काढत असेल, पण जमीन त्याच्या नावावर असेलच असे नाही. त्याशिवाय गावाची सामूहिक, रूढीने चालत आलेली जमीन वेगळी. मलुकूत गावाला ‘नेगेरी’ म्हणतात, तो आपला नगरी शब्द. आणि गावच्या प्रमुखाला बऱ्याच ठिकाणी ‘राजा’ म्हणतात. अशा सामूहिक जमिनीबाबत एकट्या विकणाऱ्याची सही पुरत नाही, राजाचे पत्रही पुरत नाही. कोठे घराण्याचा हक्क निघतो, कोठे गावाचा. जुने कराचे उतारे आणि गावप्रमुखाची पत्रे यांना 2021 च्या सरकारी नियम क्रमांक 18 ने नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती, म्हणजे फेब्रुवारी 2026 पर्यंत. त्यानंतर असा कागद मिल्कियतीचा पुरावा म्हणून चालत नाही. भूमी कार्यालयाचे प्रमाणपत्र असेल तरच पुढे बोलावे, आणि ते प्रमाणपत्र खरे आहे का हे त्याच कार्यालयात जाऊन पाहावे.

आता कायदा. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा 1960 चा, क्रमांक 5. त्याच्या कलम 21 प्रमाणे हक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणूस मुसलमान असो वा नसो, फरक पडत नाही. येथे पुष्कळ बांधवांची समजूत चुकते. मुस्लिम देश म्हणजे आपला देश, या भावनेला भूमी कार्यालयात जागा नाही.

मग दलाल मार्ग सुचवितो. जमीन स्थानिक माणसाच्या नावावर घ्या, पैसे तुमचे, बाजूला चार कागद करू. एक कर्जाचा कागद की स्थानिक माणसाने तुमच्याकडून उसने घेतले, एक मुखत्यारपत्र, एक दीर्घ भाडेपट्टा, एक कबुलीजबाब. आपल्याकडे याला बेनामी म्हणतात. त्याच 1960 च्या कायद्याचे कलम 26, उपकलम 2 सांगते की परदेशी माणसाकडे सरळ वा आडमार्गाने मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्द आहे, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. येथे फसवणूक झाली तर कोर्टात जाण्याचा रस्ता सुद्धा कायद्यानेच बंद केला आहे. ज्याच्या नावावर जमीन आहे तो माणूस प्रामाणिक असला तरी तो मरू शकतो, आणि त्याच्या वारसांनी तुम्हाला पाहिलेलेही नसते.

शिवाय दीनाच्या बाजूने पाहिले तर जो कर्ज दिलेलेच नाही त्याचा कर्जरोखा लिहिणे म्हणजे काय? सूरह बकराची आयत 282 व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम देते, तो खरा व्यवहार लिहिण्याचा. खोटा व्यवहार लिहून त्यावर दोन साक्षीदार बसविणे हा त्या हुकुमाचा अवमान आहे. कोणी तर स्थानिक मुलीशी निकाह करून तिच्या नावे जमीन घेण्याचा सल्ला देतो. निकाह हा काही सातबाऱ्याचा उतारा नव्हे. आणि कायद्यानेही त्यात पेच आहे: नवराबायकोच्या मालमत्ता वेगळ्या ठेवण्याचा करार नसेल तर त्या मुलीचाच पूर्ण मालकीचा हक्क अडचणीत येतो.

मग सरळ मार्ग कोणते? पहिला ‘हक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क. प्रवासाची किंवा राहण्याची वैध कागदपत्रे असलेल्या परदेशी माणसाला राहत्या घरासाठी हा मिळू शकतो: प्रथम 30 वर्षे, मग 20 वाढ, मग 30 नूतनीकरण. पण घराची किमान किंमत प्रांतवार ठरवून दिलेली आहे, म्हणजे स्वस्त घर घेण्याचा हेतूच येथे संपतो. दुसरा, परदेशी भांडवलाची कंपनी काढून ‘हक गुना बांगुनान’, म्हणजे इमारत बांधून वापरण्याचा हक्क, मुदत तशीच. त्या कंपनीची गुंतवणूक, जमीन आणि इमारत सोडून, 10 अब्ज रुपियांहून अधिक असावी लागते. आपले पाच कोटींच्या आसपास. चार भावांनी मिळून दोन खोल्यांचे अतिथीगृह काढायचा विचार असेल तर हा दरवाजा त्यांच्यासाठी नाही. तिसरा साधा भाडेपट्टा. यात मालकी नाही, पण खोटेपणाही नाही. इजारा म्हणून तो समजायला सोपा आहे. पट्टा देणाऱ्याची मालकी नोंदलेली आहे का, कुटुंबातील सर्वांची संमती आहे का, मुदतवाढीचा भाव आताच ठरला आहे का, मालक मरण पावला तर वारस बांधील राहतील असे लिहिले आहे का, एवढे पाहावे.

लोन्थोरपुरते आणखी काही. भरतीच्या रेषेपासून सामान्यतः 100 मीटरची पट्टी मोकळी ठेवायची असते. उतारावरच्या गावात त्यानंतर सपाट जागा कितीशी उरते हे स्वतः चालून पाहावे. बांदाचा ऐतिहासिक आणि सागरी परिसर युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहे, तेव्हा जुने डच घर घेऊन पाडापाडी करता येईल असे समजू नये. गोड्या पाण्यासाठी विहिरी आणि साठविलेले पावसाचे पाणी. लोन्थोरची टेकडीवरची जुनी विहीर तर पवित्र मानतात. काही वर्षांनी एकदा ती उपसून धुण्याचा मोठा सोहळा होतो आणि दूर गेलेले गावकरी त्यासाठी परत येतात. पाहुण्यांच्या खोल्यांना दिवसाकाठी किती पाणी लागेल, हा हिशोब दलालाच्या कागदावर कधी नसतो. गुनुंग आपी 1988 मध्ये फुटला, तेव्हा लोकांना हलवावे लागले. 1629 आणि 1852 मध्ये भूकंपानंतर समुद्र आत आला होता. आणि 1999 पासून मलुकूत मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्यात जी दंगल पेटली, तिची झळ बांदालाही लागली. ख्रिस्ती कुटुंबे निघून गेली, पर्यटक थांबले. फेब्रुवारी 2002 च्या मालिनो कराराने मलुकूत ती थांबविली. निघून गेलेल्यांच्या घराचा सौदा कोणी पुढे करत असेल तर आम्ही एवढेच म्हणू की मजलूमाच्या घरात बरकत शोधू नये.

आपल्या बाजूचा कायदाही आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली बाहेर पाठविता येते, आणि ती बँकेमार्फतच. हवालाने पाठविलेला पैसा येथेही गुन्हा आणि तिकडेही पुराव्याविना. बाहेरची मालमत्ता आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. लपविल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. आता विचार करा, बेनामी जमीन विवरणपत्रात कोणाच्या नावाने दाखविणार?

इतके सर्व वाचून कोणी म्हणेल, मग जाऊच नये का? जावे. पण लोन्थोरला जमीन पाहायला नव्हे, जायफळ पाहायला. तेथे ‘पाला’ म्हणतात, तो संस्कृतातला फळ शब्द असे सांगतात. झाड सात-आठ वर्षांनी धरू लागते. नर आणि मादी झाडे वेगळी. फळ पिकून उकलले की आत तांबडी जायपत्री दिसते. लांब बांबूच्या टोकाला टोपली बांधून तेच फळ अलगद काढतात. पडलेले फळ वेचले तर बुरशी आणि कीड. जायपत्री उन्हात वाळते, जायफळ कवचासकट कित्येक दिवस मंद धुरावर. आत गोटी खुळखुळली की वाळले.

खरेदीदाराने येथेच लक्ष द्यावे. इंडोनेशियन जायफळात अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचे प्रमाण जास्त निघाल्याने युरोपने माल अडविल्याची उदाहरणे आहेत. कारण बहुतेक वेळा वाळवणीची घाई आणि ओले गोदाम. व्यापारात अखंड मालाला ‘एबीसीडी’ म्हणतात, सुरकुतलेल्याला ‘एसएस’, आणि तुटक्या, किडक्या, पोकळ मालाला ‘बीडब्ल्यूपी’, जो तेल काढायला जातो. ‘बीडब्ल्यूपी’ दळून पूड म्हणून विकणारे लोक आहेत. आपण त्यांच्यात नसावे. कवचासकट माल घेतला तर वजन जास्त भरते पण कीड कमी लागते. आयातीला आयात-निर्यात क्रमांक, अन्न सुरक्षा परवाना, वनस्पती संगरोधाची परवानगी आणि तिकडचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. आसियान करारातील सवलतीच्या जकातीला माल पात्र आहे का, हे कस्टम एजंटला आधी विचारावे. त्यासाठी मूळ देशाचा दाखला लागतो. बांदाहून थेट माल आणणे लहान व्यापाऱ्याला परवडणार नाही. अंबोन, मकासार किंवा सुराबाया येथील निर्यातदारामार्फतच तो येईल. पण गाव पाहून आलेला खरेदीदार निर्यातदाराशी वेगळ्या सुरात बोलतो.

कोकणातील बागायतदार बांधवांसाठी एक गोष्ट या गावातून उचलण्यासारखी आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ या जायफळाच्या जाती दिल्या आणि नारळाच्या बागेत ती झाडे आता धरतात. आपल्याकडे जायफळ आणि जायपत्री काढली की बाहेरचा जाड गर पुष्कळ ठिकाणी झाडाखालीच टाकतात. लोन्थोर-नेइराच्या बायका तो गर फेकत नाहीत. त्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात ठेवून तुरटपणा घालवतात, मग साखरेत मुरवून उन्हात वाळवतात. त्याला ‘मनिसान पाला’ म्हणतात. त्याच गराचा मुरंबा आणि सरबतही करतात, पाहुण्यांना न्याहारीला पावाबरोबर तोच मुरंबा मिळतो. चव आंबट, किंचित तिखट, वास जायफळाचा. हंगामात दहा-वीस किलो गर घेऊन घरातच करून पाहावे. साखर, बरण्या आणि ऊन याखेरीज यंत्र लागत नाही.